बधिर पायाची जखम: त्वचेतील न्यूरोपेप्टाइडांचे काम समजून घेऊन काळजी कशी घ्यावी

मधुमेह जुना होत गेला की अनेकांच्या तळपायांना आधी मुंग्या येतात, मग रात्री अंथरुणात पाय भगभगू लागतात, आणि पुढे कधीतरी ही आग कमी होत होत थांबते. घरात याला ‘आता बरे वाटते’ असे म्हटले जाते. साखर आटोक्यात आलेली नसताना आणि औषधही बदललेले नसताना पायांची आग थांबली असेल, तर बहुतेक वेळा आगीची खबर देणारे मज्जातंतूच निकामी झालेले असतात. अशा पायाची तपासणी घरी कशी करावी, रोज कोणती काळजी घ्यावी आणि जखम झालीच तर काय करावे, हे पुढे दिले आहे. मात्र कारण कळल्याशिवाय ही काळजी चार दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून आधी त्वचेतले मज्जातंतू जखमेच्या बाबतीत नेमके काय करतात ते पाहणे आवश्यक आहे.

वेदना मेंदूपर्यंत पोचवणे हे या बारीक तंतूंचे सर्वांना ठाऊक असलेले काम. दुसरे काम ते जागच्या जागी करतात. त्वचेला इजा होताच त्यांच्या टोकांतून न्यूरोपेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, आजूबाजूच्या ऊतींमध्ये सोडल्या जातात. त्यांपैकी दोन आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. ‘सबस्टन्स पी’ हा पदार्थ १९३१ मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना आढळला. त्याची साखळी ११ अमिनो आम्लांची आहे. ३७ अमिनो आम्लांचे ‘सीजीआरपी’ (कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड) मात्र १९८० च्या दशकाच्या आरंभी उजेडात आले. सीजीआरपी सूक्ष्म रोहिण्या रुंदावते, त्यामुळे जखमेभोवती रक्त वाढते आणि त्वचा लाल व उष्ण होते. सबस्टन्स पी केशवाहिन्यांच्या भिंती सैल करते, त्यातून द्रव पाझरून सूज येते. शिवाय ते मास्ट पेशींना, म्हणजे त्वचेतल्या एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींना, डिवचून हिस्टामिन हे सूज व खाज आणणारे रसायन बाहेर काढायला लावते. या साऱ्या प्रकाराला मज्जातंतुजन्य दाह म्हणतात, आणि ‘दाह’ हा शब्द ऐकून आपण दचकतो तसे दचकण्याचे येथे कारण नाही, कारण जखम भरण्याची पहिली पायरी हीच आहे. याच रसायनांच्या सूचनेवरून पुढे त्वचेच्या पेशी जखमेच्या कडेकडून आत सरकतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि जखमेचा तळ भरून येतो.

हा परिणाम स्वतःच्या हातावर पाहता येतो. निरोगी माणसाने कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला, त्वचा फाटणार नाही अशा बेताने, किल्लीच्या बोथट कडेने एक घट्ट रेघ ओढावी. काही सेकंदांत तेथे लाल रेघ उमटते, थोड्या वेळाने रेघेच्या दोन्ही बाजूंना फिकट लाली पसरते, आणि रेघ पुरेशी जोरात ओढली असेल तर दोन-तीन मिनिटांत तेथे गांध उठते. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. हात खिडकीच्या उजेडात तिरपा धरून पाहावा. ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ थॉमस लुइस यांनी १९२७ मध्ये या तिहेरी प्रतिसादाचे सविस्तर वर्णन केले. यातली रेघ आणि गांध रक्तवाहिन्या व हिस्टामिन यांच्या जोरावर उठतात, परंतु बाजूला पसरणारी लाली ही मज्जातंतूंची करणी आहे: एका टोकाला लागलेली कळ त्याच तंतूच्या दुसऱ्या फाट्यात शिरते आणि तेथे न्यूरोपेप्टाइड सुटतात. म्हणूनच कुष्ठरोगाच्या बधिर चट्ट्यात हिस्टामिन टोचले, तर गांध उठते पण भोवतालची लाली पसरत नाही. ही निदानाची जुनी, मान्य पद्धत आहे. मधुमेहाने तंतू झिजलेल्या पायांतही ही लाली आखडते. किल्लीचा प्रयोग मात्र बधिर पायावर कधीही करू नये.

कुष्ठरोगाचा उल्लेख ओघात आलेला नाही. बधिर पायाच्या जखमांबद्दल आज जे शहाणपण उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या पॉल ब्रँड यांच्याकडून आलेला आहे. रुग्णांची बोटे रोगामुळे आपोआप झडत नाहीत, वेदना नसल्याने भाजणे, कापणे आणि एकाच जागी दाब पडत राहणे लक्षात येत नाही व त्यातून अवयव झिजत जातो, हे त्यांनी दाखवून दिले. माझ्या मते न्यूरोपेप्टाइडांवरील संशोधनाने या म्हणण्याला उरलेला अर्धा भाग जोडला. बधिर पायाला जखम कळत नाही हे खरेच, पण कळल्यावरही ती भरून काढण्याची पहिली रासायनिक सूचना तेथे दुबळी असते. मधुमेही त्वचेत सबस्टन्स पी कमी सुटते आणि ते मोडून टाकणारे नेप्रिलायसिन नावाचे विकर मात्र वाढलेले असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत, वेदनेचे तंतू नसलेल्या उंदरांच्या जखमा रेंगाळल्या, आणि सीजीआरपीच्या सुधारित रूपाने मज्जातंतू बिघडलेल्या मधुमेही उंदरांच्या जखमाही लवकर भरल्या. माणसांसाठी चिठ्ठीवर लिहून द्यावे असे न्यूरोपेप्टाइडचे प्रस्थापित मलम अजून तयार झालेले नाही. त्यामुळे समाजमाध्यमांवर ‘पेप्टाइड क्रीम’ म्हणून विकले जाणारे काहीही पायाच्या जखमेवर लावू नये. मज्जातंतू जे काम करत होते, ते आता डोळ्यांनी आणि हातांनी करायचे आहे.

पायाला किती कळते, ते घरी कसे पाहावे

दवाखान्यात यासाठी दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू आणि कंपन तपासण्याचा चिमटा वापरतात, आणि प्रत्येक मधुमेही रुग्णाने वर्षातून एकदा ही तपासणी करून घ्यावी. घरी त्याच धाटणीची एक सोपी चाचणी करता येते. ती इंग्लंडमधील इप्सविच येथे विकसित झाली. रुग्णाने मोजे काढून पाय लांब करून बसावे किंवा आडवे व्हावे आणि डोळे मिटावेत. घरातल्या दुसऱ्या माणसाने तर्जनीच्या टोकाने बोटाच्या शेंड्याला एक ते दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, थापटू नये, टोचू नये, कारण जोर दिला तर खोलवरचा दाब जाणवतो आणि चाचणी फसते. स्पर्शाचा क्रम असा ठेवावा: उजव्या पायाचा अंगठा, उजवी करंगळी, डाव्या पायाचा अंगठा, डावी करंगळी, मग उजव्या पायाचे मधले बोट आणि शेवटी डाव्या पायाचे मधले बोट. स्पर्श कळताच रुग्णाने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ एवढेच म्हणावे. एका बोटाला एकदाच स्पर्श करायचा. ‘आता बघा, पुन्हा लावतो’ असे म्हणून दुसरी संधी द्यायची नाही, आणि घरच्या माणसांना नेमके हेच जड जाते. सहापैकी दोन किंवा अधिक जागी कळले नाही, तर पाय धोक्यात आहे असे धरून डॉक्टरांकडे जावे.

तेथे गेल्यावर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घेण्याविषयी अवश्य विचारावे. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते, आणि त्या कमतरतेनेही पाय बधिर होतात. शाकाहारी घरांत ही शक्यता आणखी वाढते. मधुमेह नसताना अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा दिसत असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कुष्ठरोगाची औषधे सरकारी व्यवस्थेत मोफत मिळतात आणि वेळेत घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

जखम होऊ नये म्हणून

रोज रात्री पाय पाहणे हा एकच नियम पाळला तरी निम्मे काम होते. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा नातवंडाला पाहायला सांगावे. नजर चांगली नसलेल्या रुग्णाने स्वतःच्या पाहण्यावर विसंबू नये. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या कडा आणि अंगठ्याखालचा उंचवटा या तीन जागा विशेष पाहाव्यात. तळव्याला घट्टा पडला असेल तर त्याखाली दाब साचत असतो, आणि घट्ट्यात काळसर ठिपका दिसला तर आत रक्त साकळून जखम तयार झालेली असू शकते. घट्टा किंवा कुरूप ब्लेडने तासू नये. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांमध्ये आम्ल असते. निरोगी पायाला त्याची चुणचुण कळते आणि पट्टी काढली जाते, बधिर पायात मात्र ते आम्ल निवांतपणे मांसापर्यंत पोचते.

तीच गोष्ट बिब्ब्याची. गावाकडे टाचेच्या भेगांत बिब्ब्याचे तेल घालण्याची रीत आजही आहे. बिब्ब्याच्या रसाने त्वचा उततेच, फोडही येतात. संवेदना शाबूत असणारा माणूस ते उतू लागताच धुऊन टाकतो, बधिर टाच तसे करू शकत नाही. भेगांचे मूळ कारणही मज्जातंतूंतच आहे. घामाच्या ग्रंथींना जाणारे तंतू झिजल्याने पायाला घाम सुटत नाही, कातडी कोरडी पडते आणि फाटते. त्यावर साधे खोबरेल तेल, व्हॅसलिन किंवा युरियायुक्त मलम रोज आंघोळीनंतर लावणे पुरेसे आहे, मात्र बोटांच्या बेचक्यांत लावू नये, कारण तेथे ओल राहून चिखल्या होतात. पाय गरम पाण्यात बुडवून बसणे, शेकोटीजवळ पाय धरणे आणि गरम पाण्याची पिशवी हे तिन्ही वर्ज्य समजावे. त्वचेतील उष्णता ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होतो आणि ‘पाय काढ’ असे सांगतो; तो ज्या तंतूवर बसलेला असतो, तो तंतूच येथे उरलेला नसतो. आंघोळीचे पाणी कोपराने पाहावे.

अनवाणी चालणे घरातही टाळावे. कडक चामड्याची, अंगठ्यात अडकवायची चप्पल कितीही रुबाबदार असली तरी बधिर पायाला ती चालत नाही. बोटांची पकड गेली की ती नकळत निसटते, आणि कडक पट्टा घासून कातडी सोलवटते. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, मागे पट्टा असलेल्या ‘एमसीआर’ चपला त्यासाठीच बनवलेल्या असतात. नवे पादत्राण संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पायाला थोडी सूज चढलेली असते. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत हात फिरवावा. खडा, खिळ्याचे टोक, तळातून वर आलेला बाभळीचा काटा हे हाताला कळते, पायाला नाही. देवदर्शनाला जायचे तर दुपारची वेळ टाळून पहाटे जावे आणि जाड सुती मोजे घालावेत. चैत्र-वैशाखात मंदिराच्या फरशीने तळवे पोळून आलेल्या फोडांचे मधुमेही रुग्ण डॉक्टरांना नवे नाहीत.

ज्यांना आधी एकदा जखम होऊन गेली आहे, त्यांनी तळव्याचे तापमानही मोजावे. करोनाच्या काळात घेतलेला इन्फ्रारेड थर्मामीटर बऱ्याच घरांत पडून असतो. त्यात कपाळाऐवजी ‘पृष्ठभाग’ मोजण्याची सोय असेल तर तो चालतो. दोन्ही पायांवर नेमकी तीच जागा मोजावी, आणि एका पायाचा आकडा दुसऱ्याहून २.२ अंश सेल्सिअसने किंवा अधिक वाढलेला लागोपाठ दोन दिवस दिसला, तर चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवावे. कातडी फाटण्याआधी आत दाह सुरू झालेला असतो, तो असा पकडता येतो. जखम नसताना अख्खा पाय लाल, सुजलेला आणि गरम झाला असेल तर त्यावर चालणे त्याच क्षणी थांबवावे. हाडे खचवणारा शारको विकार असाच सुरू होतो, आणि पाय दुखत नसल्यामुळे रुग्ण त्यावर चालत राहून तो वाढवतो.

जखम झाल्यावर

पहिली गोष्ट मलम नव्हे, दाब काढणे ही आहे. निरोगी माणूस पायाला काटा टोचला की आपोआप लंगडतो आणि त्या जागेवर भार टाकत नाही. बधिर पायाचा माणूस उघड्या जखमेवर सरळ पाऊल टाकत शंभर कामे करतो. म्हणून कुबडी, वॉकर, विशेष बूट किंवा तळव्याला सर्व बाजूंनी टेकणारे प्लास्टर, यांपैकी डॉक्टर जे सांगतील ते रात्रंदिवस पाळावे. ‘फक्त बाथरूमपर्यंत’ म्हणून टाकलेली पावलेही मोजली जातात. उंची मलमे आणि महागडी ड्रेसिंगे वापरूनही जखम भरत नाही अशी तक्रार असते, तेव्हा बहुधा रुग्ण त्याच जखमेवर चालत दवाखान्यात आलेला असतो.

धुण्यासाठी सलाइन किंवा उकळून गार केलेले पाणी वापरावे. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि तीव्र जंतुनाशके जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात, आणि ज्या जखमेत पेशी सरकवणारी रसायने आधीच कमी आहेत तेथे हे परवडणारे नाही. हळद, चुना, तंबाखू, राख आणि एकदांडीचा वाटलेला पाला या गोष्टी जखमेत भरू नयेत. त्यातल्या एखाद्या वनस्पतीत गुण असेलही, परंतु शेतातून आणून पाट्यावर वाटलेला पाला निर्जंतुक नसतो. जखम उघडी ठेवून ‘वाळवणे’ हाही गैरसमज आहे: पेशी ओलसर तळावरून सरकतात, कोरड्या खपलीखाली त्यांना वाट काढावी लागते. निर्जंतुक गॉज, त्यावर सैल पट्टी, आणि ओली झाली की बदलणे, एवढे घरी करावे. मृत कातडी कापून जखम साफ करणे हे डॉक्टरांचे काम आहे. पायातला रक्तपुरवठा पुरेसा आहे की नाही हे त्यांनी तपासल्याशिवाय पुढचा उपचार ठरत नाही, हेही रुग्णाला माहीत असावे.

आठवड्यातून एकदा जखमेशेजारी शाळेची मोजपट्टी धरून फोटो काढावा. उजेड आणि अंतर शक्यतो तेच असावे. चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्म्याने तरी कमी झाले नाही, तर चालू उपचार पुरेसा नाही असे समजून तज्ज्ञाकडे पाठवण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. लांबी-रुंदीचे आकडे वहीत लिहिले असतील तर हे बोलणे सोपे होते, नाहीतर ‘थोडी कमी वाटते’ यातच महिने जातात.

संसर्ग ओळखताना या पायाचा स्वभाव लक्षात ठेवावा. लाली आणि वेदना या दोन्हींत मज्जातंतूंचा वाटा असल्यामुळे आत पू झालेला असतानाही वरून पाय शांत दिसू शकतो, आणि पुष्कळदा तापही येत नाही. एकाएकी वाढलेली साखर, ड्रेसिंगला येणारी दुर्गंधी, वाढलेला स्राव, जखमेच्या तळाशी हाड किंवा पांढरी दोरीसारखी नस दिसणे, बोट काळे पडणे, यांपैकी काहीही आढळले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

मानसिक ताणाचा उल्लेख येथे काहींना अस्थानी वाटेल. परंतु १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावरची साडेतीन मिलिमीटरची जखम भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले, तर तशाच वयाच्या इतर स्त्रियांना ३९.३ दिवस. रुग्णाची झोप आणि चिंता यांची विचारपूस हा उपचाराचाच भाग मानावा. धूम्रपान मात्र विचारपुशीवर न थांबता बंद करावे.

तंतू उलट दिशेने बिघडतात तेव्हा

वरचे सारे रसायन कमी पडल्याचे परिणाम आहेत. ते जास्त झाले तर खाज आणि दाह होतो, आणि त्याची वागणूक निराळी असते. उन्हाळ्यात तिखटासाठी मिरच्यांची देठे खुडणाऱ्या हातांची जी भगभग होते, ती याच तंतूंची आहे: मिरचीतले कॅप्सेसिन उष्णतेचा तोच ग्राहक उघडते आणि सबस्टन्स पी व सीजीआरपी सुटतात. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून हाताला आधी खाद्यतेल चोळून ते पुसून काढावे, मग साबणाने धुवावे आणि गार पाण्यात हात धरावा. गरम पाण्याने आग वाढते. एक्झिमासारख्या जुनाट खाजेत खाजवल्याने तंतू पुन्हा डिवचले जातात आणि चक्र चालू राहते. तेथे नखे कापणे, कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, अंग ओलसर असतानाच मलम लावणे आणि खाजेच्या जागी थंड ओले फडके ठेवणे, हे खाजवण्याला उपयोगी पर्याय आहेत. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले, तीव्र स्टेरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मिश्र मलम दाह तात्पुरता दाबते, त्वचा मात्र पातळ करते. तेच मलम सवयीने पायाच्या जखमेवर लावले तर जखम आणखी रेंगाळते, कारण तेथे दाह दाबायचा नसून पुरेसा होऊ द्यायचा असतो.

जखम बंद झाल्यावरही चपला, आरसा आणि थर्मामीटर आवरून ठेवू नयेत. भरलेल्या पायांपैकी सुमारे ४० टक्के पायांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते, आणि नवी कातडी वरून मिटलेली दिसली तरी आतून पक्की व्हायला कित्येक महिने लागतात. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात थोडे चालावे, दर वेळी मोजा काढून ती जागा पाहावी, आणि लाली अर्ध्या तासाने उतरत नसेल तर चालणे पुन्हा कमी करावे.